स्नूकर : नेम नव्हे, टेबलावरचा हात चुकतो

स्नूकर हा खेळ 1875 मध्ये जबलपूरच्या लष्करी छावणीत सुरू झाला, असं मानलं जातं. आज बेळगाव, इंदूर, वडोदरा अशा शहरांत क्लबमध्ये तो खेळला जातो. हरणाऱ्याने टेबलाचे पैसे द्यायचे, हा अनेक ठिकाणचा रिवाज. सोपा पॉट हुकला की नवा खेळाडू क्यूला नाहीतर नेमाला दोष देतो. पण बऱ्याचदा चूक असते ती क्यू ज्यावर टेकतो त्या पुढच्या हातात, म्हणजे ‘ब्रिज’मध्ये.

हात कसा ठेवायचा?

तळहात टेबलावर ठेवून बोटं फाकवायची आणि टोकांनी कापड घट्ट धरायचं. अंगठा वर करून तर्जनीला चिकटवायचा. दोघांमध्ये जी खाच तयार होते, तिच्यातून क्यू सरळ पुढे-मागे जातो. अंगठा सैल पडला तर क्यूचं टोक बाजूला सरकतं. बॉलचा व्यास जेमतेम 52.5 मिलिमीटर. दोन-तीन मिलिमीटरची चूक झाली तरी पांढऱ्या बॉलला नको असलेली फिरकी बसते.

अंतर किती?

पांढऱ्या बॉलपासून साधारण एक वीत ते फूटभर. हात फार जवळ ठेवला तर क्यू मागे खेचायला जागा उरत नाही. फार लांब ठेवला तर टोक डगमगतं.

अडचणीच्या जागा

पांढरा बॉल कुशनला चिकटला असेल तर हात कडेच्या लाकडावर सपाट ठेवायचा, क्यू शक्य तितका आडवा धरायचा आणि जोर कमी लावायचा. मध्ये दुसरा बॉल असेल तर तळहात उचलून फक्त बोटांच्या टोकांवर हात उभा करायचा. इथे बोट किंवा बाही कुठल्याही बॉलला लागली तर फाऊल. किमान 4 गुण समोरच्याला जातात. हात पोचत नसेल तर अंग ताणण्यापेक्षा रेस्ट घ्यावी, त्यात कमीपणा काही नाही. एक पाय जमिनीवर हवाच, हाही नियम आहे.

गोवा-कोकणच्या दमट हवेत घामाने क्यू खाचेत अडकतो. खिशात कोरडा रुमाल ठेवावा. पावडरने टेबलाचं कापड खराब होतं.

सगळ्यात वाईट सवय

शॉट मारताक्षणी हात उचलणे. बॉल कुठे जातो हे बघायच्या घाईत खांदाही उठतो आणि क्यू वाकडा जातो. बॉल पॉकेटपर्यंत पोचेस्तोवर हात जागचा हलवायचा नाही.

तपासणी सोपी आहे. पांढरा बॉल ब्राऊनच्या जागेवर ठेवून निळ्या, गुलाबी, काळ्या बॉलच्या जागांवरून समोरच्या कुशनवर सरळ मारायचा आणि हात तसाच ठेवायचा. बॉल परत क्यूच्या टोकाशी आला तर ठीक. बाजूला गेला तर आधी अंगठा आणि बोटं तपासावीत. नवीन क्यूचा खर्च कदाचित वाचेल.