मजुरी, मर्जी आणि हक्क

व्यापारही वाढावा आणि समाजाचेंही हित व्हावें, असें म्हणणारे कारखानदार पुष्कळ आढळतात. या दोन गोष्टींची सांगड कशी बसते व कोठें सुटते, हें पाहावयाचें असेल तर अमेरिकेंतील हेन्री फोर्ड यांच्या मोटारींच्या कारखान्याचा इतिहास पाहावा, असें आम्हांस वाटतें.

मिशिगन संस्थानांतील हायलंड पार्क येथें १९१३ सालीं गाडीचा सांगाडा मजुरांपुढून सरकत नेण्याची युक्ति सुरू झाली. पूर्वीं एक सांगाडा जोडण्यास सुमारें साडेबारा तास लागत, ते दीड तासावर आले. परंतु दिवसभर तेंच एक काम करून माणूस विटे व निघून जाई. सुमारें १४,००० जागा भरलेल्या राहाव्यात म्हणून त्या वर्षीं ५२,००० हून अधिक माणसें नेमावीं लागलीं. तेव्हां ५ जानेवारी १९१४ रोजीं कंपनीनें मजुरी जवळजवळ दुप्पट, म्हणजे दिवसास ५ डॉलर केली आणि कामाचे तास नवांवरून आठांवर आणले.

यांत दया किती व हिशेब किती, हा प्रश्न आम्ही गौण मानतों. माणसें टिकलीं, काम वाढलें. आणि १९०८ सालीं ८५० डॉलरांस विकली जाणारी 'मॉडेल टी' गाडी १९१६ सालीं ३६० डॉलरांस मिळूं लागली. नफा आम्हांस न वांटतां किंमती उतरविण्यांत व कारखाना वाढविण्यांत घातला जातो, अशी फिर्याद डॉज बंधु या भागीदारांनीं केली. कंपनी मुख्यतः भागीदारांच्या लाभासाठीं असते, असें सांगून तेथील सर्वोच्च न्यायालयानें १९१९ सालीं सुमारें १ कोटी ९० लाख डॉलर वांटावयास लावले. कारखाना वाढविण्याच्या बेतांत मात्र त्यानें हात घातला नाहीं.

पण त्या ५ डॉलरांस एक अट होती. मजूर दारू पितो काय, पैसा शिल्लक टाकतो काय, घर स्वच्छ ठेवतो काय, हें पाहण्यास कंपनीचे तपासनीस घरोघर जात. त्यांच्या पसंतीस उतरेल त्यालाच पूर्ण रक्कम मिळे. पुढें मंदी आली. ७ मार्च १९३२ रोजीं बेकार मजूर काम मागण्यासाठीं डिअरबॉर्न येथील कारखान्यावर गेले, तेव्हां पोलीस व कंपनीचे रखवालदार यांनीं गोळीबार केला व त्यांत चौघे त्याच दिवशीं मरण पावले. मजूरसंघाशीं कंपनीनें करार केला तो १९४१ सालीं, संप झाल्यावर.

एकत्र कुटुंबांत नांदणाऱ्या वाचकांस यांतील मर्म सहज उमजेल. कर्ता पुरुष उदार असला, तरी प्रत्येक पैशासाठीं त्याचें तोंड पाहावें लागत असेल, तर घरांतील धाकट्यांस तें अन्न गोड लागत नाहीं. आणि त्याची मर्जी फिरली कीं ताटही जातें. ठरलेला वांटा थोडा असला तरी अडचणीच्या दिवसांत तोच हातीं राहतो. हल्लीं मोठ्या कंपन्यांच्या अहवालांत समाजहिताच्या कार्याचें वर्णन येतें. तें वाचतांना, उद्यां मंदी आली तर यांतलें काय चालू राहील, एवढा प्रश्न वाचकांनीं मनांत ठेवावा, अशी आमची सूचना आहे.