भाग १, भाग २... आणि भानगड!

'जालना, सोने का पालना' असं इथले जुने लोक कौतुकानं सांगतात. आजचं सोनं म्हणजे बियाणं आणि पोलादी सळया. इथल्या एमआयडीसीतल्या ऑफिसात तुमच्या इनबॉक्समध्ये दिवसभर कोटेशन्स आणि परचेस ऑर्डर्स आदळत असतात. समजा, महिनाअखेर आहे, साहेब डोक्यावर बसलेत आणि नेहमीच्या पार्टीच्या नावानं लागोपाठ तीन मेल येतात. भाग १, भाग २, भाग ३. सोबत निरोप : 'फाइल मोठी होती, तुकडे केलेत. जोडून घ्या.'

जोडणार? थांबा जरा!

मेलचे तुकडे करण्याची सोय काही चोरांनी काढलेली नाही. ई-मेलच्या १९९६ सालच्या नियमांतच ती आहे. तेव्हा इंटरनेट फोनच्या तारेवरून रखडत यायचं. मग मोठा मेल कापायचा, प्रत्येक तुकड्यावर क्रमांक टाकायचा आणि पलीकडच्या प्रोग्रॅमनं ते पुन्हा शिवायचे. आउटलुक एक्स्प्रेसमध्ये तर एक टिक केली की काम फत्ते!

गोची इथंच होती. मेल सर्व्हरवरची अनेक अँटिव्हायरस सॉफ्टवेअर्स प्रत्येक तुकडा सुटा तपासतात, हे २००२ च्या सप्टेंबरमध्ये सुरक्षा संशोधकांनी दाखवून दिलं. कंपनीच्या गेटवरचा वॉचमन डोळ्यांसमोर आणा. कुणी सोमवारी नळी आणली, मंगळवारी चाप, बुधवारी मूठ. त्यानं रोज पिशवी इमानदारीत तपासली, पण कट्टा काही त्याला दिसला नाही. तो जुळला आत, तुमच्या टेबलावर. तुमच्या पीसीवरचा अँटिव्हायरस अपडेटेड असेल तर वाचलात, नाहीतर कल्याण!

पुढं असे तुकडे सर्व्हरवरच अडवायची सोय झाली. आउटलुक एक्स्प्रेसही इतिहासजमा झालं. युक्ती मात्र जिवंत आहे. आता मेलऐवजी फाइलच कापतात. झिप किंवा रारचे भाग करायचे, वर पासवर्ड लावायचा आणि तो मेलमध्येच लिहून द्यायचा. कुलूपबंद फाइलच्या आत स्कॅनरला सहसा डोकावता येत नाही. शेवटचा टाका तुम्हीच घालता. म्हणजे शेवटचा वॉचमनही तुम्हीच.

मग करायचं काय? साधा विचार करा. जीमेलवरून २५ एमबीपेक्षा मोठी फाइल पाठवायला गेलं, तर ती ड्राइव्हवर चढते आणि लिंक जाते. मग चार पानांच्या कोटेशनचे तुकडे कशाला? पार्टीला फोन लावा. मेलमधल्या नंबरवर नाही हं, जुन्या बिलावरच्या नंबरवर! जोडलेल्या फाइलच्या नावाशेवटी 'डॉट ईएक्सई' दिसलं, तर क्लिक करूच नका. ते कोटेशन नव्हे, प्रोग्रॅम आहे. चुकून उघडलीच, तर आधी नेटची वायर काढा, वायफाय बंद करा आणि आयटीवाल्याला हाक मारा. लाजू नका. पैसे गेले असतील, तर लगेच १९३० फिरवा.

दोन मिनिटांच्या फोननं ऑर्डर पळून जात नाही. खात्यातले पैसे मात्र तेवढ्यात पळतात!