जुनं सागवान म्हणे हलत नाही!

घरात लाकडी जमीन करायची ठरली आणि पाडलेल्या वाड्याच्या फळ्या घ्याव्यात की नव्या, असा प्रश्न पडला की वखारवाल्यापासून शेजारच्या काकांपर्यंत सगळे एकच सांगतात: "शंभर वर्षं वाळलंय, आता ते हलायचं नाही." ऐकून ऐकून कान किटले.

लाकूड एकदा वाळलं की विषय संपला, असं नसतं हो. हवेतला दमटपणा ते शोषतं आणि सोडतं, तसं फुगतं आणि आक्रसतं; हेच ते 'हलणं'. वय झालं म्हणून ही सवय सुटत नाही. अमेरिकी वन विभागाच्या 'वुड हँडबुक'मधले तक्ते पाहा. आर्द्रता 80 टक्के असेल तर लाकडात सुमारे 16 टक्के पाणी राहतं, 50 टक्के असेल तर साधारण 9. म्हणजे एकीकडे मुंबईचा जुलै, दुसरीकडे रात्रंदिवस एसी चालणारी खोली. साग इतर लाकडांपेक्षा कमी आक्रसतो, हे खरं. तरी टोकाला वलयं आडवी दिसतात अशा सहा इंची फळीची रुंदी एवढ्या फरकानं जवळपास दोन मिलिमीटर बदलते. दहा फळ्यांचा हिशेब तुम्हीच करा. पॉलिशमुळे हे सावकाश होतं, थांबत नाही.

उघड्या वखारीत पावसाळा काढलेली जुनी तुळई भट्टीत वाळवलेल्या नव्या फळीपेक्षा ओली असू शकते. तेव्हा जन्मतारीख विचारू नका, मॉइश्चर मीटर लावा. फळ्या दोन-तीन आठवडे त्याच खोलीत, मध्ये पट्ट्या घालून रचा आणि बसवताना भिंतीलगत फट सोडा.

असेच आणखी काही समज.

"सागाला वाळवी लागत नाही": टिकतो तो गाभा, कडेचा फिकट भाग जुन्यातही किडतो.

"जुनं म्हणजे बर्मा सागच": कोकणातल्या जुन्या घरांत ऐन, किंजळ, फणसही भरपूर आहे.

"लागवडीचा साग कुचकामी": केरळातल्या नीलांबूरला सागाची लागवड 1840च्या दशकातच सुरू झाली, म्हणजे जुना सागही लागवडीचा असू शकतो. लागवडीचा आहे म्हणून नाक मुरडू नका. फळीत गाभा किती, ते बघा.

जुन्या रंगावर सुका पॉलिश पेपर मात्र मारू नका. घरगुती रंगांत शिशाची 90 पीपीएमची मर्यादा भारतात 2017 मध्ये लागू झाली. त्याआधीच्या थरांच्या धुळीत शिसं असू शकतं, आणि ते लहान मुलांना सर्वांत घातक.

राहिला "जुनं स्वस्त पडतं" हा दावा. खिळे उपसून, फुटकी टोकं कापून, रंधा मारून हाती किती घनफूट उरतं ते आधी मोजा, मग दर लावा.