बीटल्सचा मद्रासी गडी
बीटल्समध्ये रिंगो स्टारच्या आधी ड्रम वाजवणारा पीट बेस्ट मद्रासेत जन्मला होता, हे कळले तेव्हा मी चाटच पडलो! जन्म १९४१ चा. १९४५ साली हे कुटुंब मुंबईहून बोटीने लिव्हरपूलला गेले.

त्याची आई मोना मोठी धाडसी बाई. १९५४ च्या डर्बीत तिने दागिने गहाण टाकून एकास तेहतीस भावाच्या घोड्यावर पैसे लावले (आमच्या घरात असे कुणी केले असते तर!) आणि जिंकली. पुढे ऐसपैस घर घेतले, १९५९ साली त्याच्या तळघरात कॉफी क्लब काढला. पुढे बीटल्स झालेली पोरे तिथेच वाजवीत.

१९६० च्या ऑगस्टमध्ये पीट त्यांना मिळाला. हॅम्बर्गच्या क्लबांत त्यांनी रात्ररात्र वाजवले. १९६२ च्या जूनमध्ये मात्र ध्वनिमुद्रणाच्या वेळी निर्माते जॉर्ज मार्टिन यांना त्याचे वादन पसंत पडले नाही. १६ ऑगस्टला व्यवस्थापक एपस्टाइन यांनी त्याला कचेरीत बोलावून निरोप दिला. तिघे सोबती तिथे आलेच नाहीत! वादन कमी पडले असेल, वाचकहो. पण दोन वर्षांच्या मित्राला तोंडाने सांगायला नको? ऑक्टोबरात ‘लव्ह मी डू’ची तबकडी निघाली.

पीटने बेकरीत पाव गाडीत चढवले. मग सुमारे वीस वर्षे सरकारी रोजगार कचेरीत बसून तो नोकरी गेलेल्यांना नोकऱ्या शोधून देत होता. १९९५ साली बीटल्सची जुनी ध्वनिमुद्रणे निघाली. त्यांतल्या दहांत त्याचे ड्रम होते. चोपन्नाव्या वर्षी पैसा हाती आला. मोनाबाई १९८८ सालीच गेली होती.