जुना शाफ्ट घ्यायला शारजाला जाताय?

पार्किंगमधून गाडी काढताना स्टिअरिंग पूर्ण वळवलं की पुढच्या चाकाकडून कट-कट-कट असा आवाज येतो का? येत असेल तर आजचं बोलणं तुमच्यासाठी. मुलकिया नूतनीकरणाची तारीख जवळ आलेली, गॅरेजवाला म्हणतो "शाफ्ट गया", नव्याचा भाव ऐकून घाम फुटतो. मग कुणीतरी सांगतं, शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात जुना मिळेल. मिळतो, खरंच मिळतो. पण दिसायला सारखा असलेला शाफ्ट बसायलाही सारखा असतोच असं नाही, आणि फसगत होते ती इथेच.

आधी आवाज शाफ्टचाच आहे ना, ते बघा. वळताना कटकट म्हणजे बहुधा चाकाकडचा सीव्ही जॉइंट. वेग घेताना गाडी थरथरत असेल तर गिअरबॉक्सकडचा. आणि सरळ रस्त्यावरही वेगाबरोबर वाढत जाणारी घरघर असेल तर ती बहुतेक चाकाच्या बेअरिंगची. तिथे शाफ्ट बदलून काही होणार नाही. जॉइंटवर रबरी बूट असतो, आत ग्रीस. इथल्या उन्हात रबर तडकतं, ग्रीस बाहेर उडतं आणि वाळू आत शिरते. नुसता बूट फाटलाय आणि आवाज अजून नाही, तर बूट-ग्रीस बदलून भागतं. शाफ्ट शोधायला जाऊच नका.

"बघू पुढच्या महिन्यात" म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट. शाफ्ट तुटला की इंजिन चालू राहतं पण गाडी पुढे जात नाही, कारण डिफरन्शिअलमधून सगळी ताकद तुटलेल्या बाजूला फुकट जाते. शेख मोहम्मद बिन झायेद रोडवर मधल्या लेनमध्ये असं झालं तर काय, ते सांगायला नको. त्याहून वाईट म्हणजे अशा वेळी ऑटोमॅटिक गाडी 'पी'मध्ये टाकूनही जागेवर धरून राहत नाही. हँडब्रेक ओढा, मगच खाली उतरा.

आता खरेदी. गाडीचं नाव आणि साल एवढ्यावर शाफ्ट मागू नका. एकाच मॉडेलमध्ये इंजिन वेगळं, गिअरबॉक्स ऑटो की मॅन्युअल, एबीएस आहे की नाही, यावर शाफ्ट बदलतो. गाडी जीसीसी स्पेसिफिकेशनची आहे की अमेरिकेहून आणलेली, तेही सांगा. मुलकियावरचा चेसिस नंबर फोनमध्ये ठेवा. त्यावरून पार्ट नंबर काढता येतो.

डावा-उजवा हा तर आपल्या लोकांचा खास घोटाळा. शाफ्टची लांबी दोन्ही बाजूंना बहुधा वेगळी असते. पुण्यातल्या मेकॅनिक भावाला फोनवर विचारलं आणि तो म्हणाला "ड्रायव्हर साइड", तर तो उजवी बाजू सांगतोय. इथे ड्रायव्हर डावीकडे बसतो. जपानहून आलेल्या सुट्या भागांचंही तेच, तिथेही स्टिअरिंग उजवीकडे. म्हणून गाडीत पुढे तोंड करून बसल्यावर डावा की उजवा, तेवढंच बोला.

सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे जुना शाफ्ट काढून, वर्तमानपत्रात गुंडाळून बरोबर न्यायचा. गाडी गॅरेजातच राहू द्या. शाफ्ट काढलेल्या चाकावर गाडी ढकलली तर बेअरिंग खराब होऊ शकतं. दुकानात दोन्ही शाफ्ट शेजारी ठेवा, जॉइंट आत दाबून लांबी बघा, कारण आतला जॉइंट पुढे-मागे सरकतो. मग दोन्ही टोकांचे दाते मोजा. सुरुवातीच्या दात्यावर मार्करचा ठिपका द्या, नाहीतर मोजणी चुकते. चाकाकडच्या टोकाला एबीएसची दातेरी रिंग असेल तर तिचेही दाते मोजा. ते चुकले तर गाडी चालेल, पण डॅशबोर्डवरचा एबीएसचा दिवा विझणार नाही.

नंतर जॉइंट हातात धरून पिळा. सैल लागला, वाकवून फिरवताना अडकला, किंवा ग्रीसमध्ये धातूची चमक दिसली तर परत ठेवा. बाजारात हिंदी-उर्दू चालते, त्यामुळे घासाघीस करायला अडचण नाही. पण भावापेक्षा आधी हे विचारा: "नहीं बैठा तो बदल के दोगे?" हो म्हणाला तर किती दिवसांत, ते बिलावर लिहून घ्या. तोंडी 'हो' दुसऱ्या दिवशी कुणाला आठवत नाही. शुक्रवारी दुपारच्या नमाजाच्या वेळी बरीच दुकानं बंद असतात, तो वेळ टाळा.

बसवताना दोन्ही बूट आणि ग्रीस नवीन घाला. जुना शाफ्ट आणि जुनाच बूट म्हणजे उन्हाळ्यात पुन्हा तोच खर्च. गिअरबॉक्सचं ऑइल सील आणि चाकाचा मोठा नटही नवाच घ्यायला सांगा, आणि शाफ्ट काढताना सांडलेलं गिअर ऑइल भरलं का, ते विचारा. दोन-चारशे किलोमीटर झाले की चाकाच्या आतल्या बाजूला टॉर्च मारून बघा. रिमवर ग्रीसचे शिंतोडे दिसले तर बिल घेऊन लगेच परत जा.