भेग ठेकेदाराची की काळ्या मातीची?

श्रीरामपुरात स्वतःच्या प्लॉटवर घर बांधताना ठेकेदाराशी वाजलं, की सल्ला द्यायला माणसं कमी पडत नाहीत. पोलिसात द्या, महारेराला टाका, नाहीतर सोडून द्या, कोर्टात चपला झिजतील. तिन्ही सल्ले ठामपणे दिले जातात आणि तिन्ही बहुतेक वेळा चुकतात.

पोलिसांचं आधी. काम अर्धवट टाकलं म्हणजे फसवणूक झाली, असं कायदा मानत नाही. पैसे घेतानाच काम न करण्याचा इरादा होता, हे दिसावं लागतं. नुसता करार मोडणं हा दिवाणी मामला, असं सर्वोच्च न्यायालयाने २००० साली हृदय रंजन प्रसाद वर्मा खटल्यात सांगितलं आहे. उचल घेऊन तो त्याच दिवशी गायब झाला असेल तर गोष्ट निराळी. स्लॅबपर्यंत काम करून भांडणारा ठेकेदार यात सहसा बसत नाही.

महारेरा विकासकाने विकायला काढलेल्या प्रकल्पांसाठी आहे. तिथल्या फ्लॅटधारकाला बांधकामातल्या दोषांसाठी पाच वर्षांचं संरक्षण कायद्यानेच मिळतं. आपण ठेका देऊन बांधलेल्या बंगल्याला ते नाही. हमी हवी तर करारात लिहून घ्यावी लागते.

आपला दरवाजा ग्राहक आयोगाचा. घरबांधणी ही सेवा आहे, हे १९९३ मध्ये लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात स्पष्ट झालं आणि २०१९ च्या कायद्यातही ती सेवेच्या व्याख्येत आहे. ठेक्याची दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार अहिल्यानगरच्या (पूर्वीच्या अहमदनगरच्या) जिल्हा आयोगाकडे. पाच लाखांपर्यंत फी नाही, २० ते ५० लाखांना १,००० रुपये. वकील सक्तीचा नाही. मात्र रोजंदारीवर, आपल्या हुकमतीखाली काम करणारा गवंडी म्हणजे ठेकेदार नव्हे. तिथे हा कायदा लागू करणं अवघड. स्टॅम्प पेपर नाही म्हणून करारच नाही, हाही गैरसमज. तोंडी करार चालतो, फक्त सिद्ध करताना घाम फुटतो. तेव्हा बँकेतून दिलेले हप्ते, दर लिहिलेली वही आणि व्हॉट्सॲपवरचे निरोप उपयोगी पडतात.

आता खरा प्रश्न: दोष कोणाचा? इथली काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. पाया उथळ असेल तर भिंत तिच्याबरोबर हलते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली, मे महिन्यात रुंदावणारी आणि पावसाळ्यात मिटणारी भेग बऱ्याचदा पायाकडे बोट दाखवते. पायाचं डिझाइन कोणी दिलं, की कोणीच दिलं नाही, यावर जबाबदारी ठरते. उलट प्लास्टरवरची जाळीसारखी बारीक चीर बहुधा पाणी कमी मारल्याची. पीपीसी सिमेंटच्या काँक्रीटला कोरड्या, उष्ण हवेत किमान १४ दिवस ओलं ठेवावं, असं आयएस ४५६ हे भारतीय मानक सांगतं. पाणी मारण्याची जबाबदारी मालकाने स्वतःकडे घेतली असेल, तर ठेकेदार तेच पुढे करणार. म्हणून भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करा, तारीख टाका, वर काचेची पातळ पट्टी चिकटवा. पट्टी तडकली तर भेग अजून हलते आहे. तोवर लांबी भरून रंग मारण्याची घाई करू नका.

याच घाईने निम्मी प्रकरणं हातची जातात असं मला वाटतं. रागाने दुसरा गवंडी आणला, त्याने फोडाफोड केली आणि पुरावा मलब्यात गेला. आधी स्वतंत्र इंजिनिअरकडून मोजमाप, फोटो आणि दुरुस्तीच्या खर्चाचा लेखी अहवाल घ्या. ठेकेदाराला त्या पाहणीला लेखी बोलवा. आला नाही तर तेही नोंदवा.

मग हिशेब मांडा. समजा, त्याचे १ लाख २० हजार आपल्याकडे बाकी आहेत आणि दुरुस्तीला ९० हजार लागणार आहेत. इथे लढण्यात काय हशील? ९० हजार वजा करून उरलेले ३० हजार देऊन लेखी मिटवा. पैसे अडवून नुसतं गप्प बसलात, तर तोच थकबाकीचा दावा लावू शकतो. उलट सगळे हप्ते देऊन बसला असाल, स्लॅब गळतोय आणि चार लाखांचं काम निघालंय, तर तक्रार हवीच. कायद्याने निकाल तीन महिन्यांत, तपासणी लागली तर पाचांत लावण्याचा प्रयत्न व्हावा. प्रत्यक्षात वर्षं जातात, हे धरूनच चला.

तक्रार केली की तडजोडीचं दार बंद होतं, हा सगळ्यात महागडा गैरसमज. ग्राहक कायद्यातच मध्यस्थीची सोय आहे, आणि अनेकदा ठेकेदार नोटीस हातात पडल्यावरच बोलायला बसतो. "दिवाळीनंतर करून देतो" या वायद्यांवर मात्र थांबू नका. तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे आणि तोंडी वायद्यांनी ती पुढे सरकत नाही.

मिटवायचं ठरलं तर कोणतं काम, कोणत्या तारखेपर्यंत, कोणत्या टप्प्याला किती पैसे आणि न झाल्यास काय, हे लिहा. तालुका विधी सेवा समितीमार्फत लोकअदालतीत मिटवलं तर तो निवाडा दिवाणी हुकूमनाम्यासारखा बजावता येतो. पण त्यावर अपील नाही, म्हणून सही करण्याआधी मसुदा इंजिनिअरला दाखवा.