फणसाचा चीक, तेलाचा हात

कोकणात फणस फोडायला बसण्याआधी विळीच्या पात्याला आणि दोन्ही हातांना खोबरेल तेल चोपडतात. फणसाचा चीक पाण्याला दाद देत नाही. त्यातले राळेसारखे घटक तेलात मात्र सैल होतात. म्हणून चीक लागलाच तर आधी पाणी नको. कोरड्या हातांवर तेल चोळावे, जुन्या फडक्याने पुसावे आणि मगच साबण लावावा. रॉकेलनेही तो निघतो, पण कातडी कोरडी पडून जळजळते. तो मोह टाळलेलाच बरा.

आंब्याच्या देठाचा चीक मात्र त्वचा भाजतो. तो लगेच साबण-पाण्याने धुवावा.

कुंपणाला लावलेल्या शेराच्या झाडाचा पांढरा चीक या तिन्हींत सर्वांत घातक. डोळ्यात गेल्यास दृष्टीलाच धोका. भरपूर पाण्याने डोळा धुऊन थेट डॉक्टरांकडे जावे.